पिवळा शेपटीवाला नर आणि भलतीच दिसणारी मादी: नैरोबीतल्या त्या जोडीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. नैरोबीत करुरा जंगलाच्या कडेला घर, बागेत लँटानाजवळ फुलपाखरांची एक जोडी जुळलेली दिसली. त्यातलं एक फिकट पिवळं, काळ्या काठाचं, मागे लांब शेपट्या असलेलं, आणि दुसरं बिनशेपटीचं, काळपट, अंगावर मळकट पिवळसर डाग. ॲपला फोटो दिला तर दर वेळी वेगळं नाव येतंय आणि पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी ते दुसरं फुलपाखरू जुळत नाहीये. मग या दोन वेगळ्या प्रजाती आहेत का, त्यांची पिल्लं हायब्रिड होणार का, आणि लिंबाच्या झाडावर ज्या अळ्या दिसतायत त्या यांच्याच का, कारण मुलीला त्या वाढवून बघायच्या आहेत.

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे, हायब्रिड वगैरे काही नाही. दोन्ही एकाच प्रजातीची आहेत, पॅपिलिओ डार्डानस, इंग्रजीत मॉकर स्वॅलोटेल म्हणतात. पिवळा शेपटीवाला तो नर, काळपट ती मादी. मादीचा नेमका प्रकार कुठला हे मात्र मी या फोटोवरून सांगणार नाही, कारण पंखांची वरची बाजू अर्धीच दिसतेय आणि नैरोबीच्या आसपासच्या माद्यांच्या बाबतीत अर्ध्या पंखावरून नाव ठोकून देण्यात अर्थ नसतो. तो का नसतो तेच खरं समजून घेण्यासारखं आहे, म्हणून जरा लांब लिहितोय.

तुमचा घोळ फुलपाखरू ओळखण्यातला वाटतो पण खरी अडचण वेगळी आहे, आपण सगळेच पंखांच्या रंगावर विश्वास ठेवतो आणि या प्रजातीची मादी नेमका तोच विश्वास वापरून जगते. नर सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला कुठेही गेलात तरी साधारण तसाच, पिवळा आणि शेपटीवाला. मादी मात्र प्रदेशाप्रमाणे बदलते, आणि एकाच जंगलात सुद्धा दोन-तीन प्रकारच्या माद्या असतात ज्या एकमेकींच्या बहिणी आहेत हे बघून पटतच नाही. यातली प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कडू, पक्ष्यांना न पचणाऱ्या फुलपाखराची नक्कल करते.

तुम्ही जे पाहिलंत ना, जुळलेली जोडी, त्याच पुराव्यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद मिटला होता. केप टाऊनला रोलंड ट्रायमेन नावाचे अभ्यासक होते, त्यांनी १८६९ मध्ये मांडलं की तेव्हा वेगळ्या प्रजाती म्हणून नावं दिलेली ही तीन-चार फुलपाखरं खरं तर एकाच पिवळ्या नराच्या माद्या आहेत. अनेकांना ते अजिबात पटलं नाही. विल्यम ह्युइटसन हे त्या काळातले मोठे इंग्लिश संग्राहक, त्यांचं म्हणणं असं की मादागास्करमधली मादी हुबेहूब नरासारखी दिसते, मग आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर त्याच नराचा असा रंगीबेरंगी जनानखाना कसा काय असेल. नंतर त्यांच्याच कलेक्टरने पश्चिम आफ्रिकेजवळच्या फर्नांडो पो (आताचं बियोको) बेटावरून त्यांना पिवळा नर आणि काळी-पांढरी मादी जुळलेल्या अवस्थेत पकडून पाठवली आणि त्यांनी ते मोकळेपणाने छापून मान्य केलं. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत अळ्या वाढवून बघितल्या गेल्या, त्यातूनही तेच निघालं. त्यामुळे तुमचा तो फोटो जपून ठेवा, तारीख आणि जागा लिहून ठेवा, अशी जोडी कॅमेऱ्यात सापडणं सोपं नसतं.

आता माद्या कोणाची नक्कल करतात ते बघू. हिप्पोकून प्रकारची मादी काळी आणि मोठे पांढरे पट्टे असलेली, ती अमॉरिस निआव्हियस या फुलपाखरासारखी दिसते. सेनिया प्रकार काळा, बारीक पिवळट-पांढऱ्या ठिपक्यांचा आणि मागच्या पंखाच्या बुडाशी फिकट पिवळा, त्याचे मॉडेल, म्हणजे ज्यांची नक्कल होते ती कडू फुलपाखरं, अमॉरिस एकेरिया आणि अमॉरिस अल्बिमॅक्युलाटा. ट्रोफोनियस केशरी, टोकाला काळा-पांढरा, म्हणजे थेट प्लेन टायगर, जे आपल्याकडे महाराष्ट्रात रुईवर वाढतं तेच फुलपाखरू आफ्रिकेतही आहे. युगांडाकडे आणि पश्चिम केनियात प्लॅनेमॉइडिस नावाचा आणखी एक प्रकार मिळतो, तो अक्रीया या दुसऱ्या कडू फुलपाखरांच्या गटातल्या एकाची नक्कल. अमॉरिस आणि प्लेन टायगरच्या अळ्या रुईच्या कुळातल्या झाडावेलींवर वाढतात, तिथून विषारी द्रव्यं अंगात घेतात, एकदा तोंड पोळलेला पक्षी तो रंग लक्षात ठेवतो. डार्डानस मादीच्या अंगात असलं काही नाही, ती खायला चांगलीच आहे, फक्त दिसते विषारी. याला बेटेशियन मिमिक्री म्हणतात.

मग समोर बसलेलं काळं-पांढरं फुलपाखरू अमॉरिस की डार्डानसची मादी हे कसं ओळखायचं? मी किनाऱ्याकडे गेडेजवळ अराबुको-सोकोके जंगलाच्या आसपास जे शेतकरी कोष वाढवून विकतात, किपेपेओ प्रकल्पातले, त्यांच्याबरोबर बरीच वर्षं काम केलंय आणि तिथे नवीन माणसाला मी पहिल्यांदा रंग बघूच नको असं सांगतो, पाय मोज म्हणतो. अमॉरिस फुलावर चार पायांवर उभं असतं, पुढचे दोन पाय आखडून छातीशी चिकटलेले, कामाचे नसतात. डार्डानस मादी सहा पायांवर उभी असते, सगळे पाय धडधाकट. मोबाईलवर बाजूने काढलेला साधा फोटो झूम केला तरी हे दिसतं. दुसरं म्हणजे मध पिताना अमॉरिस निवांत पंख मिटून बसतं, तर डार्डानस पुढचे पंख सतत थरथरवत राहते, फुलावर पूर्ण भार टाकत नाही. आणि मागच्या पंखाची आतली कड बघा, अमॉरिसची कड पोटाला खालून कवेत घेते, स्वॅलोटेलची आत वळलेली असते त्यामुळे पोट उघडं दिसतं. उडताना डार्डानस मादी अमॉरिससारखी संथ तरंगते, इतकी की वर्षानुवर्षं बघणारा माणूसही लांबून फसतो, पण तुम्ही झपकन जवळ गेलात की नक्कल सोडून स्वॅलोटेलसारखी जोरात निसटते. जिवावर बेतलं की मग नाटक नाही.

प्रश्न असा पडतो की एकच चांगली नक्कल पुरली असती, इतके प्रकार कशाला? याचं कारण आकड्यात आहे. नक्कल तोवरच चालते जोवर पक्ष्याला कडू जास्त वेळा आणि गोड कमी वेळा भेटतं. सगळ्या माद्या एकाच मॉडेलच्या मागे लागल्या तर त्या रंगाची बरीचशी फुलपाखरं खाण्याजोगी निघतील आणि पक्षी तो रंग टाळायचं सोडतील. म्हणून जो प्रकार सध्या कमी आहे त्याला फायदा मिळतो, तो वाढतो, फार वाढला की फायदा कमी होतो, आणि असे दोन-तीन प्रकार एकाच ठिकाणी टिकून राहतात. कुठला प्रकार किती हे त्या त्या जंगलात कुठलं मॉडेल किती आहे यावर ठरतं, म्हणून मोम्बासाकडचा अनुभव नैरोबीला लावू नका आणि नैरोबीचा कंपालाला.

आता तुमच्या फोटोचा खरा मुद्दा, पुस्तकाशी न जुळणारी मादी. पुस्तकात जी सुबक चित्रं असतात ती जिथे मॉडेल भरपूर आहेत तिथल्या माद्यांची असतात. नैरोबी आणि आजूबाजूच्या डोंगराळ भागात, किकुयू एस्कार्पमेंटच्या कड्यापर्यंत, अमॉरिस तुलनेने कमी आहेत आणि डार्डानस मात्र चांगल्या संख्येने. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ ई. बी. फोर्ड यांनी १९३० च्या दशकात हे आकडे मांडले होते ते अजूनही सगळे सांगतात. युगांडात एंटेबीजवळच्या नमुन्यात मॉडेल दोन हजारांच्या घरात आणि डार्डानस शंभरेक, तिथे नक्कल न जमलेल्या माद्या साधारण ४ टक्के. नैरोबीजवळ उलटं, मॉडेल तीसेक आणि डार्डानस सव्वाशेच्या वर, आणि नक्कल न जमलेल्या माद्या साधारण ३२ टक्के. म्हणजे तुमच्याकडे दर तीन माद्यांमागे एक अशी की ती धड सेनिया नाही, धड हिप्पोकून नाही, ट्रोफोनियस म्हणावं तर केशरी रंग उडालेला. काही तर नरासारख्या पिवळट रंगाकडे झुकतात, काहींना मागच्या पंखावर शेपटीचा आखूड कोंब सुद्धा असतो. रिफ्ट खोऱ्याच्या पूर्वेकडच्या उंच भागातल्या या फुलपाखरांना वेगळी उपप्रजाती मानतात, पॉलिट्रोफस.

असं का होतं ते मला जसं समजलंय तसं सांगतो. जिथे आकाशात अमॉरिस भरपूर आहेत तिथे पक्ष्यांना तो रंग पक्का पाठ असतो, थोडी जरी चूक असली तरी वेगळी दिसणारी मादी मारली जाते आणि पिढ्यान् पिढ्या नक्कल घासूनपुसून नेमकी होते. जिथे मॉडेल दुर्मीळ तिथे पक्ष्यांना धडाच नीट मिळालेला नसतो, मग चांगली नक्कल आणि वाईट नक्कल यात फारसा फरक पडत नाही, आणि वाईटही जगतात. म्हणजे तुमच्या बागेतली ती मळकट मादी बिघडलेली नाही, तिथल्या पक्ष्यांनी तिला तशी राहू दिलीये. मला स्वतःला किनाऱ्यावरच्या नेमक्या, चकचकीत माद्यांपेक्षा या नैरोबीच्या माद्या जास्त आवडतात, कारण निवड म्हणजे काय ते इथे ढिलं पडलेलं दिसतं आणि त्यामुळेच कळतं. ॲप गोंधळणारच, त्याने जे फोटो शिकलेत त्यात अशा माद्या कमी असणार.

ह्युइटसनचा आक्षेपही आठवा, मादागास्करची मादी नरासारखीच असते. ते खरंच आहे, तिथे आणि ग्रँड कोमोर बेटावर माद्या पिवळ्या आणि शेपटीवाल्या. इथिओपियाच्या डोंगरातही बहुतेक माद्या तशाच, आणि ज्या थोड्या नकल्या आहेत त्यांनाही शेपट्या असतात, म्हणजे रंग बदलला पण आकार तसाच राहिला. आता नर का नक्कल करत नाहीत याबद्दल मात्र एकमत नाही. एक विचार असा की मादीला अंडी घालायला झाडाजवळ रेंगाळावं लागतं, पोट जड असतं, तिला धोका जास्त म्हणून तिला गरज जास्त. दुसरा असा की नराने नरासारखं दिसलं नाही तर मादी त्याला ओळखणार नाही किंवा दुसरे नर त्याला जागा देणार नाहीत. माझ्या अनुभवात नर रस्त्याच्या उन्हात दिवसभर एकाच पट्ट्यात फेऱ्या मारतात आणि काहीही पिवळं दिसलं की मागे लागतात, त्यामुळे दुसऱ्या विचारात तथ्य असावं असं वाटतं, पण हे बघण्यातून आलेलं मत आहे, प्रयोग नाही.

आनुवंशिकता थोडी सांगतो, कारण मुलगी अळ्या वाढवणार असेल तर तिला हेच सगळ्यात भारी वाटेल. लिव्हरपूलला सिरिल क्लार्क नावाचे डॉक्टर आणि फिलिप शेपर्ड हे जनुकशास्त्रज्ञ, दोघांनी १९५० च्या दशकापासून आफ्रिकेतून डार्डानसचे कोष मागवून, नर-मादी हातात धरून जुळवून पैदास केली. त्यातून दिसलं की मादीचा प्रकार मुख्यतः एकाच जागेवरच्या जनुकावर ठरतो, त्याला एच लोकस म्हणतात, आणि नरात तेच जनुक असतं पण दिसत नाही. अलीकडे ती जागा एन्ग्रेल्ड आणि इन्व्हेक्टेड या जनुकांच्या भागात सापडलीये. हिप्पोकून या सगळ्यात मागे राहणारा प्रकार, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती हिप्पोकूनच्या असल्या तरच दिसतो. समजा हिप्पोकून मादीची अंडी वाढवली आणि बाप पिवळाच दिसतोय पण त्याच्यात एक प्रत सेनियाची आणि एक हिप्पोकूनची आहे, तर सगळे मुलगे पिवळे शेपटीवाले आणि मुलींपैकी साधारण अर्ध्या सेनिया, अर्ध्या हिप्पोकून. बापाच्या पंखांवर लिहिलेलं नसतं पण मुलींवर उमटतं. हेच क्लार्क पुढे आरएच रक्तगटाकडे वळले, फुलपाखरांतल्या एकत्र वारशाने येणाऱ्या जनुकांच्या गठ्ठ्यावर काम करताना त्यांना रक्तगटाशी साम्य दिसलं, आणि आरएच निगेटिव्ह आईला देतात ते अँटी-डी इंजेक्शन ज्या दोन-तीन गटांच्या कामातून आलं त्यातला एक त्यांचा लिव्हरपूलचा गट. घरात कुणी ते इंजेक्शन घेतलं असेल तर या फुलपाखराशी तुमचा आधीच लांबचा संबंध आहे.

आपल्याकडेही याच घराण्यातलं एक उदाहरण आहे, कॉमन मॉरमॉन, पुण्या-मुंबईत कढीपत्त्यावर अंडी घालतं ते. त्याच्या माद्या तीन प्रकारच्या, एक नरासारखी, एक कॉमन रोजसारखी, एक क्रिमसन रोजसारखी. तिथे जनुक मात्र वेगळं निघालं, डबलसेक्स, हे फुलपाखरांचे संशोधक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. सुट्टीत भारतात गेलात की मुलीला कुंडीतल्या कढीपत्त्यावर हे बघता येईल.

आता लिंबावरच्या अळ्या. शक्यता जास्त अशी की त्या डार्डानसच्या नसून पॅपिलिओ डेमोडोकसच्या आहेत, सिट्रस स्वॅलोटेल, काळं-पिवळ्या ठिपक्यांचं, बिनशेपटीचं, आपल्या लाइम बटरफ्लायचं अगदी जवळचं भावंड. आफ्रिकेत बागेतल्या लिंबू-संत्र्यावर तेच जास्त दिसतं. डार्डानस पण लिंबावर कधीकधी अंडी घालते पण तिची पसंती त्याच कुळातल्या जंगली झाडांना, क्लॉसेना अनिसाटा आणि व्हेप्रिस, टेक्लिया वगैरे. क्लॉसेनाचं पान चुरडलं की उग्र बडीशेपेसारखा वास येतो, करुराच्या कडेला मिळण्यासारखं झुडूप आहे, नर्सरीत विचारा. लहान अळ्या दोन्हींच्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, त्या वयात मीही खात्रीने सांगत नाही. शेवटची कात टाकली की हिरव्या होतात, तेव्हा डेमोडोकसच्या अंगावर तपकिरी-करड्या तिरक्या पट्ट्या ठळक दिसतात. डार्डानसचा कोष रुंद, चपटा, हिरव्या पानासारखा, कमरेला रेशमाचा दोरा बांधून बसलेला.

वाढवायच्या असतील तर जाळीचा डबा घ्या, फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा नाहीतर अळ्या पाण्यात पडून मरतात. विष्ठा रोज साफ करा, दमट डब्यात बुरशी आणि रोग झपाट्याने पसरतात. नर्सरीतून आणलेलं रोप लगेच देऊ नका, त्यावर फवारणी झालेली असते, नवीन पालवी आली की तीच वापरा. मोठ्या अळ्या बाहेरून आणल्या तर बऱ्याचशांमध्ये आधीच परजीवी माश्या किंवा गांधीलमाशीसारख्या बारीक माश्यांची अंडी असतात, म्हणून शक्य असेल तर अंड्यापासून सुरुवात करा. मादी अंडं घालताना पानापाशी पंख फडफडवत घुटमळते, एका जागी एकच पिवळट अंडं ठेवून पुढे जाते, ती गेली की ते पान खुडून घ्या. अळीला डिवचलं तर डोक्यामागून केशरी-लाल रंगाचा दुभंगलेला अवयव बाहेर काढून घाण वास सोडेल, मुलीला आधी सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाही. किती दिवस लागतील हे हवेवर आहे, जून ते ऑगस्टच्या गारठ्यात नैरोबीच्या उंचीवर किनाऱ्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, कोष हलत नाही म्हणून मेला असं समजून टाकून देऊ नका. अंडी-अळ्या स्वतःच्या बागेतूनच घ्या, करुरा राखीव जंगल आहे, तिथून परवानगीशिवाय काही आणू नका.

आणि नोंद ठेवायची असेल तर एका आईची अंडी एका डब्यात, दुसरीची दुसऱ्यात, आईचा वरून एक आणि खालून एक फोटो. बाहेर येणाऱ्या प्रत्येक मादीचा पंख पूर्ण सुकल्यावर फोटो काढा आणि मग सोडून द्या. नैरोबीच्या माद्यांच्या असल्या एका आईच्या नोंदी कामाच्या असतात, त्या बघायला मला नक्की आवडेल, इथेच टाका, प्रकार ठरवायला मदत करीन.